कोर्लईची 'नॉ लिंग'

हॉस्टेलची बादली, रूमची चावी, मेसमधला रोजचा बटाटा आणि साइटवरचं घमेलं, हे सगळे शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळालेत. आपण नुसते शब्द घेतले. कोर्लईच्या ख्रिस्ती वाडीने अख्खी भाषाच ठेवून घेतली!

कोर्लई हे रायगड जिल्ह्यातलं, अलिबाग-मुरूड रस्त्यावरचं छोटं गाव. कुंडलिका खाडीच्या पलीकडे रेवदंडा आणि चौल. १५९४ साली पोर्तुगीजांनी इथला डोंगर निजामशाहीकडून जिंकला. १७४० मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे आला, साहेबलोक निघून गेले आणि गरीब ख्रिस्ती कुटुंबं मागे राहिली. ती आपल्या बोलीला 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. गंमत अशी की शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण क्रियापद आपल्या मराठीसारखं वाक्याच्या शेवटी!

एवढी वर्षं ही बोली टिकली कशी? मध्ये खाडी होती, शिवाय लग्नं आपसातच व्हायची. १९८६ मध्ये खाडीवर पूल झाला. आम्ही सिव्हिलवाले पूल झाला की 'गावाचा विकास' लिहून मोकळे होतो. आणि तो खराच आहे, कॉलेज, दवाखाना, नोकरी सगळं जवळ आलं. पण शाळा मराठी, चर्चमधली प्रार्थनाही १९६० च्या दशकानंतर मराठीत. आता बोलणारे जेमतेम हजारभर. माझं स्वतःचं मराठी कॉन्व्हेंटने अर्धं केलंय, त्यामुळे मी कोणाला नावं ठेवणार?

किल्ला बघायला जाल तेव्हा वाडीतूनही एक चक्कर मारा. फोटो नंतर काढा, आधी कान द्या.