नोंदलेला गुन्हा आणि घडलेला गुन्हा

गुन्हेगारीवर प्रबंध लिहायला बसलेला विद्यार्थी आधी हात घालतो तो राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘क्राइम इन इंडिया’ला. ‘असली माहिती पोलीस बाहेर येऊ देत नाहीत’ हा समज इथंच गळून पडतो, कारण १९५३पासूनचे अहवाल विभागाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

मात्र ते जपून वाचावे लागतात. २०२०चाच अहवाल पाहा. देशातले दखलपात्र गुन्हे एका वर्षात २८ टक्क्यांनी वाढल्याचं तो सांगतो. टाळेबंदीत गुन्हेगारी बोकाळली म्हणायची? आतल्या तक्त्यात उत्तर आहे. सरकारी आदेश मोडल्याचे, म्हणजे कलम १८८खालचे गुन्हे २९,४६९वरून थेट ६,१२,१७९वर गेले होते. त्याच वर्षी महिलांवरील अत्याचारांच्या नोंदी ८.३ टक्क्यांनी घटल्या. पण मारणाऱ्या नवऱ्यासोबतच घरात अडकलेल्या बाईनं पोलीस ठाणं गाठायचं कसं? या घटीला सुरक्षिततेचा दाखला म्हणणं त्या बाईवर अन्याय करणारं आहे.

अहवाल मोजतो ते नोंदलेले गुन्हे. तेही सगळे नाहीत. एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले, तर त्यातला सर्वांत गंभीर तेवढाच धरला जातो. घरफोडी करताना खून झाला, तर तक्त्यात खून चढतो, घरफोडी गळते. हा नियम विभाग स्वतःच अहवालात छापतो. गुन्हे वाढणं आणि नोंदणी वाढणं यांत गल्लत करू नका, असंही बजावतो. तरी दरवर्षी ‘सर्वांत असुरक्षित राज्य’ अशा याद्या झळकतातच.

न नोंदलेलं शोधायला दुसरं कपाट उघडावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्क्यांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. त्यातही बहुतेकींनी माहेरच्या माणसांकडे. पोलिसांकडे गेलेल्या फारच थोड्या. ग्रंथालयात हे सर्वेक्षण आरोग्याच्या विभागात सापडतं, म्हणून गुन्हेशास्त्राचे विद्यार्थी तिकडे फिरकत नाहीत. त्यांनी फिरकायलाच हवं.

तुरुंगात शिक्षा झालेलेच असतात, हाही असाच एक पक्का समज. ‘प्रिझन स्टॅटिस्टिक्स इंडिया’च्या २०२२च्या अहवालानुसार दर चार कैद्यांपैकी तीन न्यायाधीन होते.

आणि आकड्यांमागचा मूळ कागद हवा असेल, तर तोही मिळतो. एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २०१६मध्ये दिला. लैंगिक अत्याचारासारखी संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळली आहेत.