मनातल्या वाक्याला कागदाची खिडकी

तीन ते सात वर्षांची मुले हातातले काम करताना स्वतःशी मोठ्याने बोलतात. ठोकळे रचताना ‘आता हा मोठा खाली’, चप्पल घालताना ‘ही डावी, ही उजवी’ असे त्यांचे चालूच असते, मग ऐकायला कोणी असो वा नसो. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी १९२३ मध्ये या बोलण्याला ‘आत्मकेंद्री’ म्हटले. मुलाला अजून दुसऱ्याच्या जागी जाऊन विचार करता येत नाही, म्हणून ते असे बोलते आणि समज आली की ही सवय गळून पडते, असे त्यांचे मत होते. रशियातील लेव्ह विगॉट्स्की यांना ते पटले नाही. त्यांनी चित्रे काढत बसलेल्या मुलांपुढे मुद्दाम अडचणी उभ्या केल्या. कधी ऐन वेळी हवी ती पेन्सिल गायब, कधी कागदच अपुरा. अडचण आली की मुलांचे स्वतःशी बोलणे जवळजवळ दुप्पट होई. निळी पेन्सिल मिळेना, तेव्हा लाल पेन्सिल पाण्यात बुडवून रंग गडद करायचा बेत एक मूल स्वतःलाच समजावून सांगत होते. म्हणजे बोलता बोलता ते वाट काढत होते.

पुढे हे बोलणे कुजबुजीवर येते, मग नुसते ओठ हलतात आणि शाळेच्या पहिल्या काही वर्षांत आवाज पुरता आत जातो. थांबत मात्र नाही. मोठ्यांच्या तोंडून ऐकलेल्या सूचना, शाबासकी आणि टोमणे त्यात मुरलेले असतात. ‘तुला एवढं साधं गणित येत नाही?’ हे घरात वारंवार ऐकलेले मूल चाचणीच्या वेळी तेच स्वतःला ऐकवते, फक्त ‘तुला’ऐवजी ‘मला’ म्हणते. आणि आवाज आत गेल्यामुळे आई-बाबांना किंवा शिक्षकांना त्याचा पत्ता लागत नाही. मनातले हे वाक्य कागदावर आणून त्याला उत्तर लिहायला लावणारी एक हस्तकला घरी किंवा वर्गात सहज करता येते. ‘खिडक्यांची पट्टी’ हे तिचे नावच तिचे वर्णन आहे. साधारण सात ते बारा वर्षांच्या मुलांना ती जमते.

साहित्य घरातलेच लागते. नव्या शर्टाच्या घडीत येणारा पातळ पुठ्ठा किंवा ड्रॉइंग पेपर, गोल टोकाची कात्री, फूटपट्टी आणि स्केचपेन एवढे पुरते. जुन्या लग्नपत्रिकांचा कागद या कामाला उत्तम. पण वर गणपतीचे चित्र असल्याने बऱ्याच घरांत पत्रिकेला कात्री लावू देत नाहीत, तेव्हा तो विचार सोडलेला बरा. २० सेंटिमीटर लांब आणि १६ सेंटिमीटर रुंद कागद लांबीच्या बाजूने मधोमध दुमडावा, म्हणजे २० बाय ८ ची दुहेरी पट्टी होते. पुठ्ठा असेल तर दुमडीच्या रेषेवर आधी फूटपट्टीची कड दाबून फिरवावी, नाहीतर घडी वाकडी बसते. मग फक्त वरच्या पदरावर दर ५ सेंटिमीटरला रेघ मारून मोकळ्या कडेपासून दुमडीपर्यंत तीन काप द्यावेत. खालचा पदर अखंड ठेवावा. चार उघडझाप करणाऱ्या खिडक्या तयार होतात. त्यांना घोटीव कागदाची चौकट, कडी, कुंडी असे काय चिकटवायचे ते मुलाच्या हौसेवर सोडावे.

खरे काम इथून पुढे आहे. प्रत्येक खिडकीवर मुलाने स्वतःच्या मनात येणारे एक जड वाक्य लिहायचे आणि खिडकी उघडल्यावर दिसेल असे त्याचे उत्तर आत लिहायचे. बाहेरचे वाक्य मुलाच्याच शब्दांत असावे. त्यातले व्याकरण सुधारायला मोठ्यांनी जाऊ नये. आतले वाक्य मात्र जपून निवडावे लागते, कारण कोणतेही गोड वाक्य चालते हा समज चुकीचा आहे.

या समजाला जुना इतिहास आहे. फ्रान्समधील औषधविक्रेते एमिल कुए यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला, आपण दिवसेंदिवस सुधारत आहोत असे रोज घोकण्याचा उपाय लोकप्रिय केला. आजही बाजारात ‘मी सर्वोत्तम आहे’ छापाची भित्तिपत्रके मिळतात. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अशा वाक्यांची परीक्षा घेतली. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचे वाक्य विद्यार्थ्यांना मनात पुन्हा पुन्हा म्हणायला लावले. ज्यांना स्वतःविषयी आधीच बरे वाटत होते त्यांना थोडा फायदा झाला. ज्यांचा आत्मसन्मान कमी होता त्यांना उलट आणखी वाईट वाटले. न पटणारे वाक्य म्हटले की ते कसे खरे नाही याचीच उदाहरणे मनात गोळा होतात. ज्याला गरज जास्त, त्यालाच औषध बाधले.

मग मुलांसाठी कोणते वाक्य? याचे बरेच स्पष्ट उत्तर नेदरलँड्समधून आले. उट्रेख्ट विद्यापीठाचे सँडर थोमास आणि सहकाऱ्यांनी ९ ते १३ वर्षांच्या २१२ मुलांना गणिताची चाचणी दिली. निम्मी चाचणी झाल्यावर काही मुलांनी ‘मी माझ्याकडून पूर्ण प्रयत्न करेन’ असे मनात म्हटले, काहींनी ‘मी यात फार हुशार आहे’ असे म्हटले, तर काहींनी काहीच म्हटले नाही. आपल्याला जमत नाही असे मानणाऱ्या मुलांची कामगिरी प्रयत्नाच्या वाक्याने सुधारली. हुशारीच्या वाक्याचा काही उपयोग झाला नाही. अमेरिकेत क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये शाबासकीबाबत असेच दाखवून दिले होते. ‘हुशार आहेस’ अशी शाबासकी मिळालेली पाचवीची मुले पुढच्या अपयशानंतर लवकर हात टेकत होती. ‘मेहनत घेतलीस’ असे ऐकलेली मुले टिकून राहत होती.

तेव्हा ‘मला भागाकार जमतच नाही’ या खिडकीआड ‘मी गणितात नंबर वन’ लिहून भागत नाही. तिथे ‘आधी बाजूला त्या संख्येचा पाढा लिहून घेईन’ हे वाक्य हवे. स्नेहसंमेलनात ‘सगळे हसतील’ याला ‘पहिली ओळ पाठ आहे, तिथून सुरू करेन’ हे उत्तर चालते. ‘माझं अक्षर घाण आहे’ याच्याआड ‘दोन शब्दांमध्ये बोटभर जागा सोडून बघेन’ असे लिहिता येते. प्रत्येक उत्तरात लगेच करता येण्याजोगी एक कृती आहे. अमुक घडले तर तमुक करेन, अशी जर-तरची जोडी आधीच ठरवून ठेवली की ऐन वेळी ते करणे सोपे जाते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनातून दिसून आले आहे. पट्टीची रचना नेमकी तशीच आहे: बाहेर ‘जर’, आत ‘तर’.

लहान मुलांना उत्तर सुचले नाही, तर दुसऱ्या कोणाच्या तोंडून ते वदवून घेता येते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात ४ आणि ६ वर्षांच्या १८० मुलांना कंटाळवाणे काम देण्यात आले आणि शेजारी खेळायला टॅब्लेट ठेवण्यात आला. काही मुलांना बॅटमॅनसारख्या आवडत्या पात्राची भूमिका घेऊन ‘बॅटमॅन मेहनत करतोय का?’ असे स्वतःला विचारायला सांगितले होते. सर्वांत जास्त वेळ काम त्यांनीच केले. त्यांच्या खालोखाल स्वतःला नावाने हाक मारून विचारणारी मुले होती. म्हणून एखाद्या खिडकीत छोटा भीम किंवा घरातली आजी उत्तर देत असली तरी हरकत नाही.

पट्टी भिंतीवर टांगली की चार दिवसांत ती कॅलेंडरामागे जाते. त्यापेक्षा ती दप्तरात किंवा गृहपाठाच्या वहीत असावी आणि अडले की तेवढी खिडकी उघडून आतले वाक्य मोठ्याने वाचावे. बाहेरचे वाक्य मनात यायचे थांबले की नवी पट्टी करावी. मुलाने काय लिहिले ते पाहुण्यांना वाचून दाखवू नये. एकदा तसे झाले की पुढच्या पट्टीवर खरे वाक्य येत नाही. आणि बाहेर आपलेच शब्द दिसले तर पालकांनी वाद न घालता ते शब्द वापरणे बंद करावे.

काही खिडक्यांना कागदी उत्तर नसतेच. ‘फळ्यावरचं दिसत नाही’ याला चष्मा लागतो, ‘तो रोज मारतो’ याला शिक्षकांनी लक्ष घालावे लागते आणि वाचताना अक्षरे सतत अडत असतील तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी लागते. ‘मी नसलो तर बरं’ अशा अर्थाचे काही लिहिलेले आढळले, तर हस्तकला बाजूला ठेवून मुलाशी त्याच दिवशी शांतपणे बोलावे आणि तज्ज्ञांची मदत घ्यावी. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.