सत्तूर धरणाऱ्या हातांवरची चामखीळ

मनोर हे मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचं बाजाराचं गाव. पश्चिमेला पालघर ओलांडलं की सातपाटीचं मासळी बंदर. या पट्ट्यात सकाळपासून ओंडक्यावर सत्तूर पडतो, विळीवर पापलेटं साफ होतात. ही कामं करणाऱ्यांचे हात जवळून पाहावेत. बर्फाच्या पाण्याने बोटं पांढुरकी, सुरकुतलेली. काट्यांच्या, हाडाच्या कपच्यांच्या बारीक चिरा. जगभर अशा हातांवर, बहुधा नखांच्या कडेला, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी खरबरीत चामखीळ आढळते.

चामखीळ ह्युमन पॅपिलोमा विषाणूमुळे उठते. त्याचे 200 हून अधिक प्रकार माहीत आहेत. त्यांतला 7 क्रमांकाचा प्रकार विलक्षणच म्हणावा लागेल. इतरांच्या हातांवर तो क्वचितच सापडतो. खाटीक, कोंबड्या सोलणारे आणि मासे कापणारे यांच्या हातांवर मात्र वारंवार. खाटकांच्या चामखिळींतला हा विषाणू पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले जेरार ऑर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली जगापुढे आणला.

कुणालाही वाटेल, तो जनावरातून येत असणार. तसं नाही. गुरांचे पॅपिलोमा विषाणू निराळे. हा माणसाचाच विषाणू, माणसाकडूनच माणसाला लागणारा. चिरांतून तो कातडीत शिरतो. एकच सुरी, एकच फडकं चौघांच्या हातात फिरलं की त्याची सोय होते. पण ओले, चिरलेले हात धुणीभांडी करणाऱ्यांचेही असतात, मग तिथे हा का दिसत नाही? मांसातलं काहीतरी त्याच्या वाढीला पोषक ठरत असावं, असा संशोधकांचा कयास आहे. एचआयव्हीबाधितांच्या तोंडातल्या चामखिळींतही हाच प्रकार आढळला, त्यामुळे कोडं आणखी वाढलं.

ही चामखीळ ब्लेडने कापू नये, चुना लावू नये, घोड्याचा केसही बांधू नये. जखम चिघळते आणि विषाणू शेजारच्या बोटावर जातो. सॅलिसिलिक ॲसिडचं औषध किंवा उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनने गोठवणं, हे खरे उपाय. तेही डॉक्टरांना दाखवून. कामाला हातमोजे, चिरेवर पट्टी, प्रत्येकाची सुरी आणि फडकं वेगळं, एवढं दुकानमालकांनी पाहिलंच पाहिजे.

गिऱ्हाइकांनाही एक विनंती. शिजवलेलं मटण-मासळी खाऊन चामखीळ होत नाही. तेव्हा हात पाहून आपल्या कोळणीकडची किंवा खाटकाकडची खरेदी थांबवू नका.