हडपसरच्या मोठ्या बागेत वड

ओक का नको

ओकला कडक हिवाळ्याची सवय असते. हिमालयातला बांज हाही ओकच, पण तो थंड डोंगरउतारांवरचा. हडपसरचा एप्रिल-मे त्याला सोसणार नाही. नर्सरीत मिळणारा ‘सिल्व्हर ओक’ तर ओक नव्हेच. तो ऑस्ट्रेलियातून आलेला, वेगळ्याच कुळातला. सरळसोट वाढतो, पण वादळात त्याच्या फांद्या मोडतात. पिढ्यान्‌पिढ्या टिकणारं, ऐसपैस झाड हवं असेल तर वडच लावावा.

जागा

वीस गुंठ्यांहून कमी जागा असेल तर वडाच्या फंदात पडू नका. करंज किंवा बकुळ लावा. घर, विहीर, ड्रेनेज आणि कुंपणाची भिंत यांपासून निदान 20 मीटर अंतर ठेवा. ओलाव्याच्या मागावर निघालेली मुळं बांधकामाची भीडभाड ठेवत नाहीत. झाड केवढं होतं याचा अंदाज येत नसेल, तर रेसकोर्सजवळच्या एम्प्रेस गार्डनमधले जुने वृक्ष एकदा बघून या.

लावणी

पहिले एक-दोन पाऊस पडून गेले की लावा. रोप घ्या किंवा मनगटाएवढी जाड फांदी. वडाची फांदीही जगते. काळ्या जमिनीत पाणी साचतं आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. म्हणून मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डा घेऊन मातीत मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळा. पिशवीत गोल गुंडाळलेली मुळं सोडवून घ्या. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी आणि पालापाचोळ्याचं आच्छादन द्या. शेळ्यांपासून जपा.

पारंब्या

खरी कसोटी इथे. लोंबणारी पारंबी जमिनीला टेकली की तिचा खांब होतो आणि फांदी आणखी पुढे सरकते. कोलकात्याजवळच्या शिबपूरच्या वडाचं मुख्य खोड बुरशीमुळे 1925 मध्ये काढावं लागलं. झाड आजही हजारो पारंब्यांवर उभं आहे. हवी ती पारंबी पोकळ बांबूत माती भरून त्यातून खाली उतरवा. वाटेत येणारी कोवळी असतानाच छाटा, पण सगळ्या छाटू नका. जड फांद्यांना तोच आधार.

पाहुणे आणि परवानगी

फळं धरू लागली की तांबट येतात, नशीब असेल तर महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियालही. वटपौर्णिमेला फांद्या मागणारेही येतील. त्यांना पूजेसाठी झाडापाशीच बोलवा.

पुढे झाड तोडायचं म्हटलं, तर शहरी भागात 1975 च्या वृक्ष कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘हेरिटेज’ ठरतं. तेव्हा जागा आजच नीट मोजून घ्या.