न दिसणाऱ्या गुणाची किंमत

अमेरिकेतल्या होल फूड्स मार्केटच्या दुकानात शिरलं की बहुतेक वेळा भाजी-फळांचा विभाग आधी लागतो. तिथे केळ्यांचे दोन ढीग शेजारी-शेजारी असतात. रंग तोच, आकार तोच, सालीवरचे डागही तसेच. फरक असतो तो सालीवर चिकटवलेल्या चिमुकल्या स्टिकरवर. एकावर ४०११ हा आकडा, दुसऱ्यावर ९४०११. चार आकडी केळं नेहमीच्या शेतीतलं. त्याच्या आधी नऊ लागला की सेंद्रिय. या नवासाठी गिऱ्हाईक जादा पैसे मोजतं, आणि घरी जाऊन केळं खाल्ल्यावरही त्या जादा पैशांचं काय मिळालं हे त्याला जिभेवर कळेलच असं नाही. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये नेमक्या अशा मालाचा विचार मांडला होता. काही वस्तूंचा गुण घेण्याआधी पाहून कळतो, काहींचा वापरल्यावर कळतो, आणि काहींचा वापरूनही कळत नाही. मेकॅनिकने बदललेला पार्ट खरोखर बदलायला हवा होता का, हे गाडीच्या मालकाला कधीच पुरतं समजत नाही. सेंद्रिय केळं याच तिसऱ्या गटातलं आहे.

उंची सेंद्रिय दुकानातल्या अनुभवाविषयी लोक बोलतात तेव्हा स्वच्छता, मांडणी, अदबीने वागणारे कर्मचारी आणि डोळे पांढरे करणारे भाव याच गोष्टी पुढे येतात. त्या खऱ्या आहेत, पण त्या वरवरच्या आहेत असं मला वाटतं. या दुकानात विकला जाणारा मुख्य माल म्हणजे भरवसा. जो गुण गिऱ्हाइकाला तपासता येत नाही तो दुकानाने त्याच्या वतीने तपासला आहे, या खात्रीचे ते पैसे असतात. आणि ही खात्री किती खरी, याचा अंदाज बांधायला गिऱ्हाइकाच्या हातात एकच साधन उरतं: जे त्याला तपासता येतं, म्हणजे वजन, भाव, पावती, तक्रारीला मिळणारं उत्तर, त्यात दुकान किती चोख आहे. म्हणून इतर कुठल्याही दुकानापेक्षा इथे किरकोळ बाबी फार मोठ्या ठरतात.

हा भरवसा मुळात कसा जमला ते पाहण्यासारखं आहे. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात १९८० साली जॉन मॅकी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पहिलं होल फूड्स उघडलं. पुढच्याच वर्षी, मे १९८१ मध्ये, शहरात मोठा पूर आला आणि दुकानातला सगळा माल वाहून गेला किंवा नासला. विमा नव्हता. तेव्हा गिऱ्हाइकं आणि शेजारपाजारची माणसं बादल्या-झाडू घेऊन चिखल काढायला आली, धनकोंनी सबुरी दाखवली आणि महिन्याभरात दुकान पुन्हा उघडलं. गिऱ्हाईक दुकानासाठी चिखल उपसतं ते तिथल्या माणसांना ओळखतं म्हणून. ही ओळख एका दुकानापुरती असते तोवर तिला कागदाची गरज पडत नाही. पण दुकानांची संख्या शेकड्यांत गेली, माल दुसऱ्या खंडांतून येऊ लागला, की दुकानदाराचा चेहरा नाहीसा होतो आणि त्याची जागा दुसऱ्या कशाने तरी भरून काढावी लागते.

ती जागा दोन गोष्टींनी भरली. पहिली म्हणजे देखावा. लाकडी खोकी, खडूने लिहिल्यासारखे फलक, कुठल्या शेतातून भाजी आली त्याची माहिती, बर्फावर मांडलेली मासळी, हवी तेवढी डाळ-कडधान्यं काढून घ्यायला उघडे डबे. हे सगळं शेताच्या जवळपणाची आठवण करून देतं. मायकेल पोलन यांनी २००६ मध्ये आलेल्या ‘द ऑम्निव्होअर्स डिलेमा’ या पुस्तकात नेमका हाच प्रश्न विचारला: फलकावरचं हिरवंगार शेत आणि प्रत्यक्षातली हजारो एकरांवरची यांत्रिक सेंद्रिय शेती यांत किती अंतर आहे? मॅकीने त्यांना जाहीर पत्राने उत्तर दिलं, पोलन यांनी उलट पत्र लिहिलं, आणि तो वाद सभ्यपणे बराच काळ चालला. देखाव्याला मी खोटेपणा म्हणणार नाही. दुकान नेटकं मांडण्यात गैर काहीच नाही. मात्र खडूचा फलक हा पुरावा नव्हे, आणि गिऱ्हाइकाचं मन त्याला पुरावा समजून बसतं, हे ध्यानात ठेवायला हवं.

दुसरी गोष्ट म्हणजे कायद्याचा शिक्का. अमेरिकेत सेंद्रिय अन्नाचा कायदा १९९० मध्ये झाला आणि त्याचे नियम २००२ मध्ये लागू झाले. शेतात निदान तीन वर्षं मनाई असलेली रसायनं पडलेली नसावीत, दरवर्षी तपासनीस यावा, नोंदी ठेवाव्यात. प्रक्रिया केलेल्या पदार्थात पाणी-मीठ वगळता ९५ टक्के घटक सेंद्रिय असतील तरच कृषी खात्याचा गोल शिक्का लावता येतो, आणि ७० टक्के असतील तर ‘सेंद्रिय घटकांपासून बनवलेलं’ एवढंच म्हणता येतं. नियम कडक आहेत. तरीही मिसुरीतल्या एका धान्य व्यापाऱ्याने २०१० ते २०१७ या काळात साधा मका आणि सोयाबीन सेंद्रिय म्हणून विकला, आणि या फसवणुकीची उलाढाल १४ कोटी २० लाख डॉलरच्या वर गेली. २०१९ मध्ये त्याला दहा वर्षांहून जास्त कैदेची शिक्षा झाली. एवढी वर्षं हे चाललं, कारण मक्याच्या दाण्याकडे पाहून कुणालाच काही कळत नव्हतं. पुढे अमेरिकी सरकारने तपासणीचे नियम आणखी आवळले, ते २०२४ पासून लागू झाले.

या पार्श्वभूमीवर न्यूयॉर्कमधलं २०१५ सालचं प्रकरण जरा थांबून पाहायला हवं. शहराच्या ग्राहक विभागाने होल फूड्सच्या दुकानांतले आधीच तोलून बांधून ठेवलेले ८० प्रकारचे पदार्थ तपासले. त्या सर्व ८० प्रकारांत पाकिटावर लिहिलेलं वजन चुकीचं निघालं, आणि चूक बहुतांशी गिऱ्हाइकाच्या तोट्याची होती. विभागाने सांगितलं त्याप्रमाणे जादा आकारणी ८० सेंटपासून थेट १४ डॉलर ८४ सेंटपर्यंत होती. ही सर्वांत मोठी रक्कम खोबऱ्यातल्या कोळंबीच्या एका पाकिटाची होती. भाज्यांचे कापलेले तुकडे, कोंबडीच्या पट्ट्या अशा रोजच्या खपाच्या गोष्टीही त्यात होत्या. काही ठिकाणी डब्याचं वजन वजा न करताच माल तोलला जातो तेव्हा असं होतं. आपल्याकडे मिठाईच्या दुकानात खोक्यासकट पेढे तोलले जातात, तसंच. त्याआधीच्या वर्षी कॅलिफोर्नियातही अशाच तक्रारींवरून कंपनीने सुमारे आठ लाख डॉलर भरून तडजोड केली होती. न्यूयॉर्कचं प्रकरण पाच लाख डॉलरवर मिटलं. जुलै २०१५ मध्ये मॅकी आणि त्याचा सहप्रमुख वॉल्टर रॉब यांनी चित्रफितीतून चूक कबूल केली. हेतुपुरस्सर काही नव्हतं, कर्मचाऱ्यांच्या हातून घडलं, असं त्यांचं म्हणणं होतं.

यावर कुणी म्हणेल, की वजनातली चूक कुठल्याही मोठ्या दुकानसाखळीत होते. एका डब्यामागे डॉलर-दोन डॉलर गेल्याने एवढा गहजब कशाला? इतर दुकानांत हे म्हणणं बऱ्याच अंशी पटण्यासारखं आहे. स्वस्त दुकानात माणूस वजनकाट्याकडे डोळे लावूनच उभा असतो, तिथे सावध राहणं हा व्यवहाराचा भाग असतो. उंची सेंद्रिय दुकानात तो सावधपणा बाजूला ठेवण्याचेच पैसे देतो. शेत न पाहता शेतकऱ्यावर, प्रयोगशाळा न पाहता तपासनिसावर आणि या दोघांच्या वतीने दुकानावर त्याने विश्वास टाकलेला असतो. मापात पाप निघालं की त्याच्या मनात पहिला विचार चोरलेल्या दोन डॉलरचा येत नाही. ज्यांना काटा नीट सांभाळता येत नाही, त्यांनी नवाचा आकडा तरी नीट लावला असेल का, असा विचार येतो. काट्यावरची चूक पकडता येते, त्यामुळे ती न पकडता येणाऱ्या सगळ्या मालावर सावली टाकते.

त्याच उन्हाळ्यात लॉस एंजलिसच्या ब्रेंटवुड भागातल्या दुकानात पाण्यात शतावरीच्या भाजीचे तीन कोंब घातलेली बाटली ५ डॉलर ९९ सेंटला विक्रीला ठेवलेली आढळली, आणि कंपनीला ती चुकून ठेवली गेली असं सांगून काढावी लागली. दुसरी घटना मला जास्त शिकवणारी वाटते. २०१६ मध्ये सोललेली संत्री प्लॅस्टिकच्या डब्यात विकायला ठेवल्याचं छायाचित्र पसरलं. संत्र्याला निसर्गाने साल दिलेली असताना प्लॅस्टिक कशाला, म्हणून लोक संतापले. कंपनीने चूक मान्य करून माल तातडीने उचलला. मग संधिवात असलेले, बोटांत ताकद नसलेले लोक पुढे आले आणि म्हणाले, आम्हाला संत्रं सोलता येत नाही, आम्हाला ते डबे हवे होते. दुकानाने सर्वांत मोठा आवाज ऐकला, आणि ज्यांची गरज खरी होती त्यांचा आवाज मागे राहिला. पर्यावरणाची काळजी हा त्या दुकानाच्या प्रतिमेचा भाग असल्याने प्रतिमेला धक्का लागताच त्याने पाऊल मागे घेतलं. गिऱ्हाइकाचं ऐकणं आणि प्रतिमा जपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अशा वेळी दिसतं.

आता मोठा आक्षेप. सेंद्रिय अन्न पौष्टिकतेत सरस असल्याचा ठोस पुरावाच नसेल तर हा सगळा भरवसा पोकळ ठरत नाही का? स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये शेकडो अभ्यास एकत्र तपासून असा निष्कर्ष काढला, की पोषणमूल्यांत लक्षणीय फरक असल्याचा भक्कम पुरावा मिळत नाही. कीटकनाशकांचे अंश मात्र सेंद्रिय मालात कमी वेळा सापडतात. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या दुसऱ्या मोठ्या आढाव्यात सेंद्रिय पिकांत काही अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम कमी आढळलं. म्हणजे तब्येत सुधारेल या आशेने जादा पैसे देणाऱ्याचा हिशेब कच्चा आहे. पण सेंद्रिय शिक्का तब्येतीचं वचन देतच नाही. पीक कसं घेतलं, एवढंच तो सांगतो. फवारणी करणाऱ्या मजुराच्या अंगावर काय पडलं नाही, विहिरीत काय झिरपलं नाही, याची किंमत गिऱ्हाईक देत असेल तर ती रास्त आहे. सेंद्रिय शेतीचं उत्पादन सरासरी सुमारे पाचवा हिस्सा कमी येतं, तण काढायला माणसं लागतात, तीन वर्षं शिक्क्याविना काढावी लागतात. जादा भावाला कारण आहे. वाईट एवढंच, की दुकानं हे स्पष्ट सांगत नाहीत. आरोग्याचा धूसर आभास भाव वाढवायला सोयीचा असतो, आणि गिऱ्हाईकही तो मनापासून मानून घेतं.

२०१७ मध्ये अॅमेझॉनने होल फूड्स १३.७ अब्ज डॉलरला घेतलं आणि ताबा मिळाल्याच्या दिवशीच केळी, अॅव्होकाडो, अंडी यांचे भाव उतरवले. ‘अख्खा पगार गिळणारं दुकान’ या अर्थाचं टोपणनाव कमावलेल्या दुकानासाठी हा बदल स्वागतार्हच होता. नंतर वर्गणीदार सभासदांना वेगळी सूट मिळू लागली, ऑनलाइन मागण्या भरणारे लोक गिऱ्हाइकांबरोबर गल्ल्यांतून फिरू लागले, आणि २०२० मध्ये ब्रुकलिनमध्ये फक्त ऑनलाइन मागण्यांसाठीचं दुकान उघडलं, जिथे गिऱ्हाइकाने पाय ठेवायचाच नाही. तिथे खडूचे फलक आणि लाकडी खोकी कुणासाठी मांडायची? घरी बसून मागवणाऱ्याला देखाव्याचा आधार उरत नाही. त्याच्या हाती येतं ते वजन, पावती आणि शिक्का.

हे प्रश्न आता आपल्या दारातही आले आहेत. मुंबई-पुण्यात सेंद्रिय, नैसर्गिक, विषमुक्त अशी नावं लावलेली दुकानं आणि आठवडी बाजार वाढत आहेत. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सेंद्रिय अन्नाचे नियम २०१७ मध्ये केले आणि ‘जैविक भारत’ हे चिन्ह आणलं. त्यामागे दोन वाटा आहेत: निर्यातीसाठी सुरू झालेली, त्रयस्थ संस्थेकडून तपासणीची राष्ट्रीय योजना, आणि शेतकऱ्यांच्या गटांनी एकमेकांची शेतं तपासण्याची पीजीएस पद्धत. या व्यवस्थांवरही बाहेरून शंका घेतली गेली आहे. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेने भारताशी असलेला सेंद्रिय मान्यतेचा करार संपवला, आणि तिकडे माल पाठवायचा तर अमेरिकी नियमांखालीच थेट प्रमाणपत्र घेणं भाग पडलं. दुसरीकडे स्वतःच्या शेतातला माल थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला आपल्या नियमांत प्रमाणपत्रातून सूट आहे, आणि ते योग्यच आहे, कारण त्याला त्याच्या तोंडावर प्रश्न विचारता येतात: कुठलं गाव, खत कुठलं, मागच्या मोसमात कीड पडली तेव्हा काय फवारलं, शेत बघायला येऊ का? दुकानाला ही सूट नाही. ‘विषमुक्त’ असा रंगीत फलक लावून सुटी भाजी चढ्या भावाने विकणाऱ्याकडे प्रमाणपत्र दाखवा म्हणायचा गिऱ्हाइकाला पूर्ण अधिकार आहे, आणि काट्यावर शंका आली तर वैधमापनशास्त्र विभागाकडे तक्रार करता येते. जो दुकानदार पहिल्या मागणीला कपाळावर आठ्या न घालता कागद पुढे करतो आणि टोपली बाजूला काढून भाजी तोलतो, त्याच्याकडच्या न दिसणाऱ्या गुणासाठी चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.