घाटात ट्रकला रोखते कोण?

मालेगावचा ग्रे माल भिवंडीला येतो तो ट्रकने. 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाला, तरी कसारा घाट उतरणाऱ्या मालगाड्या आहेतच. भाडे ठरवताना काही गाडीमालक कौतुकाने सांगतात, "सेठ, गाडी मोकळी करून घेतली, मायलेज वाढले." मोकळी म्हणजे धुराचा फिल्टर काढला, ईजीआर बंद केला आणि कॉम्प्युटरमध्ये फेरफार केला. हे ऐकून खूश होणाऱ्या व्यापारी बांधवांनी एक सवाल जरूर विचारावा: एक्झॉस्ट ब्रेक चालू आहे का?

भरलेला ट्रक उतारावर फक्त पायाच्या ब्रेकने धरला तर ड्रम आणि लायनर तापतात, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. म्हणून गाडी खालच्या गिअरमध्ये घालून इंजिनाने रोखायची. पण डिझेल इंजिनाची एक खोड आहे. पेट्रोल इंजिनात पाय उचलला की हवेची वाट बंद होते आणि पिस्टनला हवा ओढणे जड जाते. जुन्या डिझेल इंजिनात अशी झडपच नसते. हवा दाबायला लागलेला जोर तीच हवा पिस्टनला खाली ढकलून बहुतेक परत करते. उधारी आणि वसुली जवळजवळ सारखी!

ही कसर एक्झॉस्ट ब्रेक भरून काढतो. धुराच्या नळीतील झडप मिटते, मागे दाब साचतो आणि पिस्टनला त्या दाबाविरुद्ध जावे लागते. आता मिस्त्रीने फिल्टर काढताना ही झडपही काढली, जोड गळका ठेवला किंवा कॉम्प्युटरमधून तिचा हुकूमच पुसला, तर घाटातली रोख गेली. नुसता फिल्टर काढल्याने रोख थोडीच कमी होते. खरे नुकसान या जोडकामात आहे. ईजीआरचेही तसेच. तो नीट बंद असेल तर रोख घटत नाही, पण कार्बनने उघडा अडकला तर साचलेला दाब त्या वाटेने निसटतो.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झाले. अशा अनेक इंजिनांत हवेच्या वाटेवरही झडप असते. तिचे मुख्य काम धूर फिरवणे आणि फिल्टर तापवणे. तिची रोख मामुली, कारण ती बाजू बाहेरच्या हवेच्या दाबापलीकडे ओढू शकत नाही. धुराच्या बाजूला दाब त्याच्या कितीतरी पट चढतो. उलट ही झडप अर्धी मिटून अडकली तर सिलिंडरला हवा कमी मिळते आणि एक्झॉस्ट ब्रेकही ढिला पडतो.

कंपनीच्या बनावटीत असा बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मनाई करते. अपघात झाल्यास विमा कंपनी त्यावर बोट ठेवू शकते. माल मात्र आपला असतो आणि केबिनमध्ये जीव बसलेले असतात.

राहिला डिझेलचा हिशेब. बचतीसाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणारे चालक आहेत. आजच्या इंजिनात गिअर ठेवून पाय उचलला की डिझेल बंद होते; न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते.