भावोजी ते निर्माते

दूरचित्रवाणीवरील सूत्रसंचालकाचे भांडवल म्हणजे त्याचा चेहरा, त्याची वाणी आणि प्रेक्षकांनी त्याच्यावर टाकलेला विश्वास. निर्माता मात्र श्रेयनामावलीपुरताच दिसतो, आणि म्हणूनच पहिल्या कामातील लोकप्रियता दुसऱ्या कामात जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. मराठीत या स्थित्यंतराचे ठळक उदाहरण म्हणजे आदेश बांदेकर.

झी मराठीवर 2004 मध्ये सुरू झालेल्या 'होम मिनिस्टर'मध्ये बांदेकर स्वतः स्पर्धक स्त्रीच्या दारात जात, तिला उखाणा घ्यायला लावत, सासू-सुनेला बोलते करत आणि साधे खेळ घेऊन विजेतीच्या हाती पैठणी देत; त्यातूनच ते घरोघरचे 'भावोजी' झाले. स्वयंपाकघरात दिवस घालवणारी गृहिणी इथे त्या संध्याकाळची नायिका ठरे, हे या कार्यक्रमाचे खरे मोल होय.

निर्मात्याचे काम याहून सर्वस्वी वेगळे असते. वाहिनी प्रत्येक भागासाठी ठरावीक रक्कम देते आणि मालिकेचे हक्क बहुधा स्वतःकडे ठेवते. त्या रकमेत सेट, कलाकार, तंत्रज्ञ आणि लेखक यांचा खर्च भागवणे, तसेच चित्रीकरण अडले तरी प्रक्षेपण खंडित होऊ नये म्हणून काही भाग आधीच तयार ठेवणे, ज्याला या व्यवसायात 'बँक' म्हणतात, ही जबाबदारी निर्मात्याची असते. त्यावर दर आठवड्याला टीआरपीची, म्हणजे निवडक घरांतील मापनयंत्रांवरून काढलेल्या प्रेक्षकसंख्येच्या अंदाजाची, टांगती तलवार असतेच.

बांदेकर कुटुंबाच्या सोहम प्रॉडक्शन्सने पोलिसी तपासावरील 'लक्ष्य'नंतर डिसेंबर 2022 मध्ये स्टार प्रवाहवर 'ठरलं तर मग' आणली. या मालिकेच्या निर्मितीची धुरा अभिनेत्री सुचित्रा बांदेकर यांनी सांभाळली. सन टीव्हीवरील 'रोजा' या तमिळ मालिकेचा हा मराठी अवतार आहे. आयते कथानक मिळाले तरी त्यातील नातेसंबंध मराठी घरात शोभतील असे नव्याने बेतावे लागतात, आणि हजारो उंबरठे ओलांडून मिळालेली त्या घरांची जाण हीच या घराण्याची सर्वांत मोठी पुंजी मानावी लागेल. 'ठरलं तर मग' मराठी मालिकांच्या टीआरपी यादीत दीर्घकाळ अग्रस्थानी राहिली, आणि 2024 मध्ये 'होम मिनिस्टर'ने दोन दशकांनंतर प्रेक्षकांचा निरोप घेतला तेव्हाही ती सुरूच होती.